दर सोमवारी अडकणारं कार्ड

रविराजचं कार्ड एटीएमने गिळलं, म्हणून तो वेदिकाच्या खिडकीशी आला. २००३ साल होतं, पंचवटीतल्या त्या बँकेत मशीन नुकतंच बसलं होतं. रोख पैसे देणाऱ्या वेदिकाकडेच गिळलेली कार्डं परत करायचं काम होतं.

"टूं टूं वाजलं की कार्ड ओढून घ्यायचं," तिने हसू दाबत सांगितलं. "आणि गावात सांगा ना, कार्डं घ्या म्हणून. मला टार्गेट आहे."

मखमलाबादच्या या फुलशेतकऱ्याने ते फारच मनावर घेतलं. सहा महिन्यांत साठ जणांचे अर्ज आणले. महिन्याचे पैसे एकदम काढून डब्यात ठेवणारी माणसं आता लागेल तेव्हा शंभराची नोट काढू लागली. रविराजचं स्वतःचं कार्ड मात्र दर सोमवारी अडकायचं... आणि वेदिका ते परत करताना दोघांच्या गप्पा लांबायच्या.

एका सोमवारी वेदिका स्वतःच बाहेर आली. काचेतून बघते तो काय – कार्ड बाहेर आलेलं, मशीन टूं टूं करतंय, आणि रविराज हात मागे बांधून शांत उभा! कार्ड आत गेलं.

"तुम्ही... मुद्दाम?"

त्याचे कान लाल झाले. "आत यायला दुसरं निमित्त नव्हतं, मॅडम."

रागवायला हवं होतं. पण सकाळीच आलेलं पत्र तिच्या पर्समध्ये होतं. "माझी खिडकी बंद होतेय," ती म्हणाली. "रोख काढायला आत कोणी येतच नाही आता. माझी मालेगावला बदली झालीय."

"म्हणजे ते साठ अर्ज..." तो मटकन पायरीवर बसला. "तुम्ही खूश व्हावं म्हणून लोकांच्या लय मागं लागलो मी. आणि मीच..."

पुढच्या सोमवारी हा माणूस दिसणार नाही, या विचाराने आपण एवढं घाबरतो, हे वेदिकाला आत्ता कळत होतं.

"आता निमित्त उरलं नाही, रविराज. काय ते सरळ सांगा."

तो उठला. "तुम्ही मला आवडता. आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

"रविवारी या," ती म्हणाली – आणि स्वतःच दचकली. घरी तिने अजून त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.