अळणी भाकरी

बघा, खोटं बोलून मला काय मिळणार?

ज्याच्यावर हे बेतलं तो गंगाराम माझ्या बायकोचा सख्खा थोरला भाऊ. अजून जिवंत हाय. पन त्याला ह्यातलं काही विचारायला जाऊ नका. उठून निघून जाईल.

आन भुतं रातचीच येतात असं कोन म्हणतो? हे झालं भर दुपारी.

सत्त्याहत्तर साल. शिमगा नुकताच होऊन गेलेला. मोरा बंदराच्या अलीकडं तेव्हा नुसती मिठागरं. इमारत नाय, झाड नाय. डोकं तापवणारं पांढरं रान आन मधून गेलेला मातीचा बांध. गंगाराम तिथं फळीनं मीठ ओढायचं काम करायचा. दुपारी त्याची बायको चांगुणा टोपलीत जेवण घेऊन यायची.

मिठागरात माणूस दिसायच्या आधी ऐकू येतं. सुकलेल्या मिठावर पाय पडला की कर्रकर्र वाजतं.

त्या दिवशी काही वाजलंच नाय.

गंगारामनं मान वर केली तर... चांगुणा समोर उभी.

"आज लवकर आलीस गो?"

ती नुसती हसली. टोपली ठेवली. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण. सकाळपासून उपाशी माणूस, बसला मिठाच्या राशीला टेकून. अर्धी भाकरी खाल्ली तेव्हा कुठं जिभेला समजलं.

"मीठ इसरलीस काय?"

"तसंच खा."

"वा गो वा! मिठागरात बसून अळणी खाऊ? लोक हसतील मना."

मागं वळला. राशीतून चिमूटभर मीठ उचललं.

"नको घालू," ती म्हणाली.

आवाज तिचाच. पन आला तो... लांबून.

गंगाराम वळला. समोर कोन नाय. पार बांधाच्या टोकाला एक बाई पाठमोरी चाललेली. इतक्यात तिथवर घोडा पन पोचला नसता.

टोपली नाय. कालवण नाय. हातात उरलेली अर्धी भाकरी तेवढी... थंडगार. खाडीच्या गाळासारखी बोटांतून गळायला लागली.

त्यानं खाली बघितलं. मिठावर पावलं होती.

फक्त त्याचीच.

आन तेवढ्यात मागून... कर्रकर्र. कर्रकर्र.

"आवो, उशीर झाला. पोराला ताप हाय, सोडतच नव्हता." चांगुणा! घामाघूम, डोक्यावर टोपली.

गंगाराम दोन पावलं मागं सरला. त्याला काय सुचलं देव जाणे. मिठाचा खडा तिच्यापुढं धरला. "हा चाख. आधी चाख!"

"ऊन लागलं का काय तुमाला?"

"चाख म्हणतो ना!"

तिनं खडा जिभेवर ठेवला, तोंड वाकडं केलं, थुंकली. तेव्हा हा रडला. एवढा मोठा गडी, पोरासारखा रडला.

मग तिच्या हातची भाकरी खाल्ली. एक घास घेतला आन थांबला.

"मीठ नाय ह्यात."

"मूठभर घातलंय!"

त्यानं राशीतलं मीठ घेऊन तोंडात टाकलं. नुसती वाळू लागली.

संध्याकाळी गेला देवजीकडं. देवजी म्हातारा खलाशी, उभा जन्म बोटीवर गेलेला. बोलायला लागला की मधे पानी प्यायचा नाय. सगळं ऐकून म्हणाला, "गड्या, मी बसऱ्याला गेलो, मोंबासाला गेलो, जपानला गेलो. मानसं वेगळी, देव वेगळे. पन खलाशी गोष्टी सांगायला बसले का गोष्ट एकच. मेलेल्यांच्या हातचं खायचं नाय. खाल्लंस का त्यांचा झालास. एक ग्रीक होता आमच्या बोटीवर. तो सांगायचा, एका पोरीनं खालच्या दुनियेत चार दाणे खाल्ले. झालं! अर्धं वरीस हितं, अर्धं वरीस तिथं."

"आन अर्धी भाकरी खाल्ली तर?"

 देवजी विझलेली बिडी ओढत बसला.

पाऊस लागला, मिठागरं पाण्याखाली गेली आन गंगारामची चव परत आली. तो म्हणाला, सुटलो!

दिवाळी झाली. मिठाचा हंगाम लागला. चव गेली.

तेव्हापासून दरसाल हेच. मीठ पिकायला लागलं की ह्याची जीभ मरते. पाऊस पडला की जागी होते.

आन दुसरी एक खोड लागली. चांगुणा बाहेरून आली की हा दारात खडा घेऊन उभा. चाखल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाय. ती बिचारी वैतागायची. "लग्नात एवढा मान दिला नाय, आता रोज ओवाळून घरात घेतात!" बायका हसायच्या. पन ती चाखायची. नवऱ्याला रातची झोप तेवढ्यानंच लागते, हे तिला ठाव होतं.

पुढं नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. मिठागरांवर डंपरनं माती पडली. गंगाराम त्याच जागेवरच्या बांधकामावर वॉचमन झाला. आम्ही म्हटलं, बरं झालं, जागाच बुजली.

तो म्हणाला, "दाजी, पयलं मिठावर पाय वाजायचा. आता सगळं सिमेंट. सिमेंटवर कोनाचाच वाजत नाय."

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, दुपारची वेळ. चांगुणा मोऱ्याला मासळी आणायला गेलेली. परत आली. हा दारात खडा घेऊन उभा.

"आज नको वो," ती म्हणाली. "तोंड आलंय. झोंबंल."

आता बाईमाणसाचं तोंड येत नाय का? येतं. गंगाराम काय करणार? बाजूला झाला.

ती आत गेली.

त्यानं मला बोलावून घेतलं. "दाजी, आज हितंच जेवा." मी खूश. बसलो. वालाचं कालवण वाढलं होतं.

"आन मासळी?" मी विचारलं.

"मिळाली नाय," चांगुणा आतून म्हणाली.

गंगाराम ताटाला हात लावीना. माझ्या तोंडाकडं बघत बसलेला. चैताचे दिवस, त्याला चव कुठली? तेव्हा कळलं, मला कशाला बोलावलंय ते.

मी घास घेतला.

अळणी.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा मीठ द्या."

आत भांडी वाजत होती... ती थांबली.

मग चांगुणा हसली. म्हणाली, "तसंच खा."

मी ताट बाजूला सारलं. गंगाराम पांढराफटक. मला वाटलं, आता हा उठतो, ओरडतो, पळतो.

त्यानं ताट पुढं ओढलं. आन सगळं खाल्लं. भाकरीचा तुकडाबी ठेवला नाय.

बाहेर आल्यावर मी दंड धरला त्याचा. "का खाल्लंस रे?"

"नाय खाल्लं असतं तर ती कोन हाय ते कळलं असतं," तो म्हणाला. "मना नको कळायला, दाजी."

तोंड आलेल्या बाईनं मीठ घातलं नाय, एवढंच असंल. मी पन स्वतःला तेच सांगतो. चांगुणा रोज डबा घेऊन बांधकामावर जाते, हसते, बोलते. गंगाराम आता दारात उभा राहत नाय. खडा फेकून दिला त्यानं.

पन तो एक घास माझ्याबी पोटात गेलाय.

परवा बायकोला म्हटलं, आमटीत मीठ इसरलीस.

ती म्हणाली, "इसरले? उलट जास्त पडलंय. पोरांनी पानात टाकली."

 तेव्हापासून आभाळाकडं बघतोय. पावसाला अजून लई दिवस हायत.