चार बोटं माया

“माया! अजूनही माया ठेवतेस, ताई?”

ताई गुडघ्यांवर बसून झग्याचा घेर टाचत होती, तोच चिमणीनं तो अंगातून ओढून काढला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. तिच्या आवाजाला अशी धार, की टेबलावरची कात्री बोथट वाटावी! ताईला उत्तर द्यायचं होतं... पण तिच्या ओठांत टाचण्या होत्या, आणि तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही, हा शिवणकामातला पहिला धडा. दुकानाच्या मागच्या भागात, ट्रायलसाठी लावलेल्या पडद्याआड, ती मुकाट्यानं ऐकत राहिली.

“दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड आत सोडलंयस! मी निम्मी झाले, ताई. अख्खी एक बाई माझ्या अंगातून निघून गेली. तिचं रिकामं कातडं तेवढं पोटावर, दंडांवर लोंबतंय. घामानं त्याच्या घड्यांत जखमा होतात, तुला ठाऊक आहे. ते कापून घ्यायला मी समुद्रापार चाललेय... आणि तू काय करतेस? ती बाई परत आली तर असू दे, म्हणून शिवणीत तिच्यासाठी जागा ठेवतेस!”

चिमणी हे नाव ताईनंच ठेवलेलं. धाकटी बहीण दोन माणसांची जागा व्यापू लागली तेव्हाही ताई भर रस्त्यात “चिमणे, ए चिमणे!” अशी हाक मारायची, आणि समोरचा न्हावी खोखो हसत म्हणायचा, “ही चिमणी फांदीवर बसली तर झाड मुळासकट येईल हो!” ताई त्याच्याकडे त्याच्याच वस्तऱ्यासारखं बघायची, पण हाक बदलायची नाही. आई गेली त्या दिवशी ताईचं बोट घट्ट धरून जेवढी उभी होती, तेवढीच ती ताईच्या लेखी अजून होती.

“हातानं आपोआप ठेवली गं...” एकेक टाचणी काढत ताई म्हणाली.

“आपोआप! लहानपणापासून आपोआपच! दुसऱ्या मुलींचे कपडे त्यांना सांगायचे, बाई गं, आता पुरे. मला कधी कपडा काचलाच नाही. काचायच्या आधीच तू शिवण उसवून मोकळी! तुला जाडीच बहीण हवी होती, ताई. जाडी चिमणी कुठे उडून जाणार? आता आणखी ऐक. परत आले की आम्ही नवरा-बायको वेगळं घर बघणार आहोत. नंतर मनाला लावून घेऊ नकोस.”

मनाला लावून घ्यायला मन जागेवर असावं लागतं... ताईचं तर पायाखालच्या चिंध्यांत कुठेतरी पडलं होतं!

“काढून टाकते,” ती एवढंच म्हणाली आणि तिनं कात्री उचलली.

ते कापड नवं नव्हतं. तो आईचा झगा होता. आई थोराड हाडाची, भरदार बाई. तिच्या घेरात दोन्ही लेकी लपायच्या. ती गेली आणि छोटी चिमणी कपाट उघडून आईच्या कपड्यांत तोंड खुपसून बसू लागली, जेवेना, बोलेना, तेव्हा मोठी माणसं म्हणाली, हे पोरीच्या नजरेआड करा, देऊन टाका कुणाला तरी. ताई तेव्हा स्वतःच पोर! तिनं कपडे दिले नाहीत. मशीनवर बसून एकेक झगा चिमणीच्या मापाचा केला, ओळखू येऊ नये म्हणून गडद रंगात बुडवला... पण कात्री काही चालेना. आईला कापून केरात कसं टाकायचं? म्हणून जास्तीचं सगळं कापड ती आत दुमडत गेली. लोकांना दिसायचा एका पोरीचा झगा. पण आत, शिवणींच्या घडीघडीत, अख्खी आई असायची! पुढे त्याच मशीनवर धंदा उभा राहिला, गिऱ्हाइकांची नवी कापडं आली, तरी चिमणीचं काही शिवायला घेतलं की ताईचा हात शिवणीत चार बोटं माया सोडूनच पुढे सरकायचा.

एवढा एक झगा तिनं न रंगवता, न कापता जपला होता. कसर लागू नये म्हणून दर वर्षी धुऊन, उन्हात वाळवून तो राखाडी झालेला, सायीसारखा मऊ. शस्त्रक्रियेनंतर ताज्या टाक्यांना नवं कापड टोचेल, म्हणून तिनं तो बाहेर काढला आणि बाजूंनी आत दुमडून, पुढून उघडता येईल असा केला. चिमणीला तिनं कधीच काही सांगितलं नव्हतं. आधी ती लहान म्हणून... मग मोठी झाली, सुखात आहे, कशाला रडवा म्हणून...

आणि आज कात्री चालली. कर्र... कर्र... चार बोटांच्या पट्ट्या पायाशी पडल्या. ताईनं त्या चिमणीच्या देखतच गोळा केल्या आणि केराच्या डब्यात टाकल्या. मान खाली घालून काम करणाऱ्या बाईचं एक बरं असतं, तिचे डोळे कुणाला दिसत नाहीत!

चिमणीचा नवरा बसचालक. अवजड बस अरुंद गल्लीतून अलगद काढणारा माणूस, पण सुई दिसली की पांढराफटक पडायचा. तो दुकानावरच्या मजल्यावरून खाली आला आणि टेबलाशी घुटमळत म्हणाला, “ताई, तिच्याबरोबर तुम्हीच जा. मी दाढ काढायला गेलो होतो तेव्हा डॉक्टरांनी आधी मला उचललं, मग दाढ उपटली. तिकडे परक्या देशात एका पेशंटचे दोन व्हायचे.”

“तिनं मला येऊ नको म्हटलंय, जावईबापू.”

“मलाही म्हटलंय! ती सगळ्यांना नको म्हणते आणि मग जिन्यात थांबून, मागून कोण येतंय ते बघते. तुम्हीच वाढवलीत ना तिला? मग मी काय सांगणार!”

ताईनं दुकानाला कुलूप लावलं.

विमानात दोघी शेजारीशेजारी बसल्या, पण दोघींच्या मधे जणू तिसरं कुणी बसलं होतं. चिमणीनं पट्टा ओढला... आणखी ओढला... पट्ट्याचा उरलेला शेव लांबच लांब मांडीवर आला. पूर्वी पट्टा पुरायचा नाही, तिला जोडपट्टा मागावा लागायचा आणि मागताना तिचा आवाज कसा बारीक व्हायचा, ते ताईला आठवलं. “छान बसला गं,” असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही... पण चिमणी ढगांकडे बघत होती.

त्या अनोळखी शहरातल्या रुग्णालयात भिंती दुधी रंगाच्या, आणि माणसं हळू बोलणारी. सर्जन उंच, वयस्क, शांत. त्यांचं बोलणं समजावून सांगायला एक दुभाषी बाई दिली होती. ती आपली भाषा अडखळत, पण मनापासून बोलायची. सर्जननं चिमणीला आरशासमोर उभं केलं, पोटावरचं सैल कातडं चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं आणि पेनानं रेघ ओढली. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताई सरसावून बसली. हे काम तर तिच्या ओळखीचं! मग सर्जननं त्या रेघेच्या आत, जरा हटून, दुसरी रेघ ओढली.

“ही कशाला?” चिमणी म्हणाली. “त्यांना सांगा, बाहेरच्या रेघेवरच कापा. एक सुरकुती नको मला. सगळं जाऊ दे.”

दुभाषी बाईनं विचारलं, ऐकलं आणि ती सांगू लागली, “डॉक्टर म्हणतात, सगळं कापलं तर ओढ बसेल. खोकला आला, हसू आलं, श्वास मोठा घेतला, की टाके तुटतील. म्हणून आतल्या रेघेवर कापणार. थोडं... थोडं ठेवणार. ते... त्याला तुमच्यात काय शब्द...” ती बिचारी हवेत चिमूट धरून शब्द शोधत राहिली.

“माया,” कोपऱ्यातून ताई म्हणाली.

घर सोडल्यापासूनचा तिचा तो पहिला शब्द! चिमणीनं आरशातून तिच्याकडे पाहिलं. आतल्या रेघेला तिनं पुन्हा हरकत घेतली नाही.

शस्त्रक्रिया लांबली. बाहेरच्या बाकावर ताई हात मांडीत घेऊन बसली; रिकाम्या हातांची तिला सवय नव्हती, म्हणून बोटं आपली आपणच अदृश्य टाके घालत होती. चिमणीला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती, ओठ कोरडे, दंड काखेपासून कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेले. “मशीन... मशीनचं म्हण...” ती पुटपुटली. ताईला आधी कळेना. मग कळलं, आणि ती म्हणू लागली. पोरकी पोर मशीनच्या पायाशी झोपायची तेव्हा पायट्याच्या ठेक्यावर म्हटलेली अंगाई, ताईनं स्वतःच जोडलेली...

चाल गं मशिनी, हळूच टाका घाल,
चिमणी निजली माझी, झोपेत हाले गाल.

चाल गं मशिनी, दोरा नको गं तुटू,
पहाट झाल्यावीण नको पाखरा उठू.

परिचारिकेला शब्द कळत नव्हते, पण तीही पडदा सारता सारता थांबली.

शुद्धीवर आली, आणि चिमणीनं पुन्हा तोंड भिंतीकडे फिरवलं. कण्हायची तेवढी. अंगाला सूज चढली; सूज येणारच, उतरेल, असं सर्जननं आधीच सांगितलं होतं. तो मऊ झगा ताईनं तिला हळुवार चढवला, पण आता तो दोन्ही बाजूंनी तट्ट बसत होता. एका सकाळी ताई तिला कुशीवर वळवत होती, आणि... चर्रर्र! काखेपासून शिवण उसवली ती थेट खांद्यापर्यंत.

क्षणभर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग चिमणीला हसू फुटलं, आणि हसताच ती कळवळली. “आई गं! हसवू नकोस, टाके दुखतात!”

“मी कुठे हसवलं? झग्यानं हसवलं.”

“तुझी शिवण उसवली, ताई? तुझी? न्हाव्याला सांगायला हवं.”

“माया नव्हती ना आत,” ताई सहज बोलून गेली, आणि बोलल्यावर तिनं जीभ चावली.

चिमणीचं हसू मात्र आधीच थांबलं होतं. तिची नजर खांद्याशी उघडलेल्या घडीवर खिळली होती. ती घडी जुनी होती, ताईनं हात न लावलेली. तिथवर ऊन पोचलं नव्हतं, साबण पोचला नव्हता. राखाडी कापडाच्या पोटात गडद निळा रंग जिवंत होता, आणि त्यावर पांढरी, तांदळाएवढी फुलं...

“हे...” तिनं मान आणखी वळवली. “ही फुलं माझ्या गालाला लागायची. मी मांडीत झोपायचे, आणि... ताई! हा आईचा झगा आहे?”

ताईनं मान डोलावली. आता लपवायला कुठे घडी उरली होती? तिनं सगळं सांगितलं... रंगात बुडवलेले झगे, न चाललेली कात्री, घडीघडीत दुमडलेली आई. सांगताना ती चादरीची कड सरळ करत राहिली.

“म्हणजे शाळेतले माझे सगळे कपडे...”

“सगळे.”

“आणि त्या पट्ट्या? त्या दिवशीच्या? कुठे आहेत, ताई? ठेवल्यायस ना कुठेतरी?”

“टाकल्या. तू समोर उभी होतीस.”

“नंतर काढून ठेवायच्या!”

“तू नको म्हणालीस ना, चिमणे.”

यात रागाचा टिपूस नव्हता, आणि तेच चिमणीला सोसवेना! “अगं, एकदा ओरडायचं माझ्यावर! एक थोबाडीत द्यायची! मी म्हणाले, तू माझं जाड होणं शिवून ठेवलंस... आणि तू मला आईत गुंडाळून शाळेत पाठवत होतीस!” हुंदके आले, प्रत्येक हुंदक्यासरशी पोटाला ओढ बसू लागली. ताईनं उशी तिच्या पोटावर धरली आणि दोन्ही तळव्यांनी अलगद दाबली.

“रड, पण हळू रड. डॉक्टरांनी जेवढं सोडलंय तेवढ्यात बसेल असं रड.”

चिमणी रडत हसली. मग ताई खाली बघत म्हणाली, “घर बघा हं तुम्ही. मला खरंच वाईट वाटणार नाही. उजेडाचं बघा.”

“बघायलाच हवं. तुझ्या मशीनला खिडकी लागते.”

“माझ्या मशीनला?”

“मग काय तिला एकटीला मागे ठेवणार आहेस?” म्हणत चिमणीनं नाक ओढलं आणि उशीवरचा ताईचा हात हातात घेतला. घेतला आणि थबकली. ताईचं घड्याळ मनगटावरून घसरत घसरत पार कोपराशी गेलं होतं. चिमणीनं तिच्या गळ्याकडे पाहिलं, खांद्यांकडे पाहिलं. पोशाख खांद्यांवरून असा उतरला होता, जसा खुंटीवर टांगलेला.

“ताई... तू कधी एवढी वाळलीस?”

“मी? छे! आहे तशीच आहे.”

पण चिमणीला लख्ख दिसत होतं. तिचं स्वतःचं पथ्य सुरू झालं, तेव्हा घरात एकच भांडं चुलीवर चढू लागलं होतं... उकडलेलं, बिनतेलाचं, बिनगोडाचं. नवरा बसथांब्यावरच्या उपाहारगृहात चोरून जेवून यायचा आणि मिशी पुसत जिना चढायचा. ताई मात्र शेजारी तसंच ताट घेऊन बसायची, “मलाही हेच आवडतं,” म्हणायची. सगळ्या गल्लीनं चिमणीला उतरताना पाहिलं, वाहवा केली. तिच्या शेजारी बसून दुसरी एक बाई गुपचूप विरत चालली होती, ते कुणी पाहिलं नाही!

“तुला कुणी पथ्य सांगितलं होतं?”

“एकटीनं केलं की ते शिक्षा वाटतं गं,” ताई म्हणाली. “दोघींनी केलं की नुसतं जेवण.”

परिचारिकेनं ट्रे आणून ठेवला. वाटीत गरम सूप होतं, बशीत मऊ पाव आणि उकडलेलं अंडं. ताईनं सवयीनं चमचा उचलला, पण चिमणीनं तो तिच्या हातातून काढून घेतला, सूपात बुडवला, भरला. टाके घातलेला हात वर जाईना. छातीशीच थांबला, चमचा कलू लागला.

“अगं, काय करतेस? टाके ताणतील! तुझं जेवण आहे ते.”

“मला वर नाही उचलता येत, ताई. तू खाली ये.”

“चिमणे...”

“सूप सांडतंय. ये लवकर.”

ताईनं इकडेतिकडे पाहिलं. मग पलंगाच्या कडेला धरून ती गुडघ्यांवर बसली, मान वाकवली आणि एखाद्या लहान पोरीसारखा आ केला. डोळे मिटलेले होते, तरी त्यांतून पाणी वाहत होतं.

“हा घास चिमणीचा,” चिमणी म्हणाली, आणि दुसरा चमचा भरू लागली.