पांढऱ्याच्या आत

डोकं ठिकाणावर असलेल्या पोरीने असली पैज घेतलीच नसती. पण भिंगरीच ती! हरभऱ्याच्या झाडावर चढवली की उतरते कुठे? तिचा मामेभाऊ ढब्बू नुसता म्हणाला, "बाबांच्या चित्रात भूत घालून दाखव. पण तू कसली घालतेस, डरपोक!"

"डरपोक असेल तुझी सायकल," भिंगरी म्हणाली, आणि झालं.

मामा घरांची चित्रं करायचा. आधी कॉम्प्युटरवर नुसत्या रेघा काढायचा, त्याला म्हणायचं वेक्टर. मग त्या रेघांचं ठिपक्यांचं चित्र करायचा, एचडीआर. त्याची गंमत अशी, की स्क्रीनवर जिथे नुसतं पांढरंफटक दिसतं ना, तिथेही आत उजेड दडलेला असतो. एक्स्पोजरची, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली की त्या पांढऱ्यातून एकेक गोष्ट बाहेर येते. भिंगरीने नेमकं हेच हेरलं. मामा जेवायला गेला तशी तिने उन्हाने पांढऱ्याफटक झालेल्या वरच्या खिडकीत एक माणूस काढला आणि त्याला उन्हाहून जराच कमी झगझगीत रंग भरला. आता दिसतोय कशाला! पट्टी ओढली की मात्र मामाची बोबडी वळणार.

पण मामा परत आला तो एकटा नाही. सोबत एक आजी होती. चित्रातलं घर तिचं. ते कधीच पाडून टाकलेलं, हाती उरलेला फक्त नकाशा. तिला ते एकदा उन्हासकट बघायचं होतं.

मामाने खिडक्यांचे पडदे ओढले. भर दुपारी खोलीत काळोख. मशीनचा पंखा घोंगावत होता, तापलेल्या धुळीचा वास येत होता. आणि मोठ्या स्क्रीनवर घर उजळलं... असं उजळलं, की चौघांच्या तोंडावर ऊन पडलं.

"ती वरची खिडकी," आजी हळूच म्हणाली. "आमचे हे तिथेच उभे राहायचे. एका दुपारी बाहेर पडले ते... आलेच नाहीत. फोटोसुद्धा नाही रे एक."

"मेलीस," ढब्बू पुटपुटला.

भिंगरी पुढे धावली. "मामा, राहू दे ना ती खिडकी..."

पण तोवर मामाने पट्टी ओढली होती.

घर विझत गेलं. भिंती गेल्या, छप्पर गेलं, उरली नुसती खिडकी. त्या पांढऱ्यातून आधी खांदे आले. मग केस, एकेक सुटा. कॉलरची शिवण. हनुवटीवरचा व्रण. रेघांच्या माणसाला शिवण कुठून आली? मामाने माऊस केव्हाच सोडला होता, आणि पट्टी आपली सरकतच होती. भिंगरी घाबरायचंही विसरली. इतका उजेड, असा आतून येणारा, तिने जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या उजेडातून तो माणूस थेट आजीकडे बघत होता.

आजी उठून उभी राहिली. "हा व्रण तर मीसुद्धा विसरले होते. तुला कसा कळला, बाळा?"

"आजी... हे मी नाही काढलं," मामा कुजबुजला.

"मग आलेत ते." आजीने स्क्रीनकडे हात पुढे केला. "आता मी इथून हलायची नाही."

गप्प बसली असती तर भिंगरीला कुणी धरलंही नसतं. पण आजीचं ते तोंड बघून तिला राहवेना.

"आजी, मी काढला तो. पैज लागली म्हणून. चुकले हो मी..." तिला रडू फुटलं. "पण मला तोंड काढता येतच नाही. मी... मी त्याला पाठमोरा काढला होता."