मास्तरांची जीभ

"चावू नका. जिभेवर ठेवा आणि गप्प बसा. ते आपणहून बोलायला लागेल."

मास्तरांचं हे वाक्य परीक्षणाच्या दालनात सगळ्यांना पाठ होतं. चॉकलेटची पारख करावी तर मास्तरांनीच, असं या धंद्यात म्हणत. परीक्षणाच्या दिवशी कोमट पाण्याखेरीज ते काही घेत नसत. नेम व्रतासारखा पाळायचे. काल याच दालनात काळ्या लसणीच्या चॉकलेटचा तुकडा त्यांच्या जिभेवर विरघळला. थोड्या वेळाने मास्तर टेबलावर कोसळले, ते उठलेच नाहीत.

पोलीस निरीक्षक बाई सकाळी आल्या तेव्हा टेबल तसंच होतं. बशा, पाण्याचे पेले, सुक्या पावाचे काप. बाकीचे परीक्षक सुखरूप होते. विष एकट्या मास्तरांच्या बशीत उरलेल्या अर्ध्या तुकड्यात सापडलं.

"किती कडू असतं हे?" त्यांनी फोनवर डॉक्टरांना विचारलं.

"कण लागला तरी माणूस थुंकून टाकेल. मास्तरांसारख्या माणसाने ते विरघळेपर्यंत तोंडात धरलं कसं, हेच मला कळत नाही."

याच कोड्याने तो तुकडा बनवणाऱ्या चॉकलेटवालीला कोठडीत बसवलं होतं. वरच्या साहेबांचा हिशोब सरळ होता. एवढा कडूपणा लपवण्याचं कसब तिच्याच हातात. संध्याकाळी तिच्यावर खुनाचा गुन्हा दाखल व्हायचा होता. दुकानाला सील लागलं होतं आणि काचेवर कुणीतरी 'विषारी' असं खरडून ठेवलं होतं.

"तुकडे कधी केले?" निरीक्षक बाईंनी तिला विचारलं.

"परवा दुपारी. आयोजकांच्या देखत, एकाच वडीतून. मग बशा ज्याच्या त्याच्या जागी झाकून दालनातच ठेवल्या."

"किल्ली?"

"मास्तरांच्या घरी."

"कडू लपवता येतं?"

ती कोरडं हसली. "कडू म्हणजे भाऊबंद, बाई. कितीही साखर पेरा, शेवटी उठणारच."

निरीक्षक बाईंनी उरलेल्या तुकड्याचा फोटो पुढे केला. पाठीवर एक पांढुरका डाग होता.

"हे माझं काम नाही," ती ताडकन म्हणाली. "वितळवून नुसतं चोपडलं, नीट थंड केलं नाही, की असं पांढरं धरतं. कुणीतरी भोक पाडून बुजवलंय. असा तुकडा माझ्या दुकानातून गेला असता तर मीच विष घेतलं असतं." मग जीभ चावून म्हणाली, "हे नका लिहू हं."

"घरी कोण आहे?"

"मुलगी. आज शाळेतून मधूनच परत आली, शेजारीण सांगून गेली. पोरं म्हणाली, हिच्या डब्यातलं खाऊ नका."

मास्तरांच्या शेजारी बसणारे परीक्षक गृहस्थ घाबरलेले होते. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"तुकडा तोंडात असताना मास्तर काही बोलले?"

"नेहमीसारखंच. आधी मनुकांचा गोडवा, मग धूर, शेवटी लसूण. अगदी बरोबर. कशाचा तुकडा आहे ते आम्हाला आधी सांगत नाहीत, तरी मलाही तसंच लागलं."

"एवढंच बोलले?"

"एवढंच. आता त्यांची भाची मागे बसून कपात चमचा किणकिणवत होती, ते निराळं. तिलाही त्याच वडीच्या कडेचा तुकडा देतात, शिकावं म्हणून. शिकते कसली, चमचा वाजवते! मास्तर कसं खपवून घेत, देव जाणे."

"काल वेगळं काही घडलं?"

"सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, हे माझं शेवटचं परीक्षण, माझ्या जागी मुलगा बसेल. तो मुलगा! त्याला मीठ-साखर ओळखायला डब्यावरची चिठ्ठी लागते."

मास्तरांच्या घरी स्वयंपाकघर लखलखीत होतं. त्यांची पत्नी पदराने तोच तो ओटा पुसत होती. भाची पाहुण्यांसाठी पाणी भरत होती. आईवेगळी पोर, याच घरात वाढलेली.

"खाण्याच्या बाबतीत फार कडक असतील ना?" निरीक्षक बाईंनी हळूच विचारलं.

"आधी होते हो. मीठ कणभर जास्त झालं तरी ताट सारायचे. पण दोन वर्षांपूर्वी तो ताप आला, त्यातून उठले आणि माणूस लोण्यासारखा मऊ झाला. रोज विचारायचे मी, कसं झालंय? म्हणायचे, झकास. मागच्या आठवड्यात मी भाजीत मीठच घालायला विसरले. ती पण झकास!" त्या रडता रडता हसल्या. "असा माणूस, आणि त्याच्या तोंडात कुणी विष घालावं?"

निरीक्षक बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

दुपारी त्यांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. चॉकलेटवालीलाही आणलं. मास्तरांच्या पत्नीला मात्र घरीच राहू दिलं.

"आपण सगळे विचारत होतो, कडूपणा लपवला कसा," त्या म्हणाल्या. "तो लपवलेलाच नव्हता. एवढं कडू तोंडात असताना मास्तरांनी कडू हा शब्दच काढला नाही. उलट चांगल्या तुकड्याची चव अचूक सांगितली. म्हणजे ती त्यांना लागलेली चव नव्हती. दुसऱ्या कुणाची तरी होती."



"तापानंतर मास्तरांची चव गेली. बिनमिठाची भाजीही झकास लागत होती. मागे बसून कुणीतरी कडेचा तुकडा चाखायचं, आणि चमच्याच्या ठोक्यांनी त्यांना सांगायचं. हे विष त्यांना कळणार नाही, याची खात्री फक्त त्याच माणसाला होती. किल्लीही त्याच घरात."

सगळे भाचीकडे वळले. तिने नजर चुकवली नाही.

"दोन वर्षं जीभ माझी, नाव मामांचं," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात त्यांनी आपल्या जागी मुलाला बसवायचं ठरवलं, तेव्हा विचारलं, मामा, माझं काय? म्हणाले, तू चमचा वाजवतेसच की, त्याच्यासाठीही वाजव."

"काल, त्या तुकड्याच्या वेळीही वाजवलास?"

"हो." तिने प्रथमच नजर खाली वळवली. "शेवटचंही बरोबर यावं, असं वाटलं."

चॉकलेटवाली पुढे झाली. "आणि मी आत बसले होते, तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरला?"



निरीक्षक बाईंनी हवालदाराला सांगितलं, "यांच्याबरोबर जा. सील काढ, काच स्वतः पूस. आत्ताच, रस्त्यावर लोक आहेत तोवर."

चॉकलेटवाली निघाली. जिन्यात तिची पावलं धावायला लागल्याचं ऐकू आलं.

भाचीच्या खांद्यावर महिला शिपायाचा हात पडला. ती दाराशी थांबली. "मामीला माझं सांगा. मामांची चव गेली होती, ते नका सांगू. त्या एका 'झकास'वर ती दिवस काढतेय."

"खटल्यात ते निघणारच."

"मग वर्तमानपत्रातून नको. शेजाऱ्यांकडून नको."

"मी सांगेन," निरीक्षक बाई म्हणाल्या. "माझ्याआधी दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांच्या कानावर जाणार नाही. वचन देते."

खाली जीप उभी होती. चालकाने दार उघडलं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मास्तरांच्या दारात पोलिसांची गाडी थांबली असती, तर गल्लीला आधी कळलं असतं.

त्या पायीच निघाल्या.