परत आलेलं घड्याळ

"घड्याळ चोरीला गेलं," भैरवी सबनीस म्हणाल्या, "आणि परतही आलं."

इरावती गुळवणींनी चहाचा कप खाली ठेवला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली ही एकुलती एक खाजगी गुप्तहेर बाई एरवी लग्नाळू मुलांची चौकशी करून पोट भरायची. चोरी करून माल घरपोच करणारा चोर तिच्याही वाट्याला पहिल्यांदाच येत होता.

"मग तक्रार कशाची हाय?" बाळासोनं विचारलं. बाळासो हा इरावतींचा मदतनीस. अंगानं दणकट, मनानं निर्मळ, आणि डोकं चालायला त्याला थोडा वेळ लागायचा.

"मी फ्रेंच शिकवते. वेळ सांगायला शिकवायचं लाकडी घड्याळ आहे, हातानं काटे फिरवायचं, तासकाटा सैल असलेलं. शुक्रवारी वर्ग सुटला तेव्हा ते गेलं. शनिवारी दिवसभर नव्हतं. रात्री पाहते तर खिडकीत! आज चारला पुण्याहून परीक्षक येताहेत. कुणीतरी परीक्षा मोडायला टपलंय. संयोगिता माने नावाची माझी एक मुलगी आहे, तिला चीज बनवायचं शिकायला फ्रान्सला जायचंय. आज दाखला मिळाला नाही तर तिची जागा गेली. परत काही होण्याआधी चोर शोधा."

इरावतींनी पर्स उचलली.

वर्ग म्हणजे घरमालक दत्तोपंतांच्या तळमजल्यावरची एक खोली. दाराशी पालकांसाठी खुर्ची, खुर्चीच्या वर भिंतीवर फ्रान्सहून आलेलं कॅलेंडर. त्यात एका तारखेभोवती लाल गोल होता, शेजारी 'परीक्षा' लिहिलेलं.

"परीक्षा म्हंजे ह्योच गोल न्हवं?" बाळासोनं बोट ठेवलं. "शेवटचा रकाना. शनिवार. मॅडम, परीक्षा काल होऊन गेली की वो!"

"त्यांचा आठवडा सोमवारी सुरू होतो," भैरवीबाई म्हणाल्या. "पहिला रकाना लंदी, सोमवार. शेवटचा दिमाँश, रविवार. वर लिहिलंय."

"वर कोन बघतंय?" बाळासो म्हणाला.

इरावतींनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घड्याळ हातात घेतलं.

"तासकाटा सैल आहे म्हणालात ना?"

"होता. पावणेनऊ दाखवावेत तर लोंबून सहावर जायचा. आता बघा, जागचा हलत नाही."

"चोरानं दुरुस्ती पन केली?" बाळासो हळहळला. "असला चोर आमच्या गल्लीत का येत न्हाय?"

पहिला संशयित सम्राट. दोनदा नापास झालेला, आणि तोंडावरून तिसऱ्यांदाही तयारीत असलेला.

"घड्याळ तू उचललंस?"

"मी? घड्याळ नसलं तर मॅडम भिंतीवर खडूनं काढतील की. मॅडमनी रोज बजावलंय, रविवारी चार वाजता, रविवारी चार वाजता. झोपेतबी ऐकू येतंय. पळायचंच असतं तर सरळ पन्हाळ्यावर गेलो असतो."

दुसरे दत्तोपंत. पोरं एका सुरात फ्रेंच म्हणू लागली की ते वरून काठी आपटत.

"भैरवीबाई, आठवडाभर सांगतोय, रविवारी दुपारी परीक्षा ठेवू नका! आठवड्यात एकदा माणूस झोपतो. घड्याळ मी नेलं असतं तर परत कशाला दिलं असतं? बंबात घातलं असतं."

एवढ्यात बाहेर बुलेट थांबली. संयोगिता उतरून आत आली. तिचे आजोबा हंबीरराव पान्यानं बुलेटचा आरसा आवळत बसले.

"आजोबा रोज सोडतात?" इरावतींनी विचारलं.

"रोज. न्यायला आले की या खुर्चीत बसतात. पण आबांपुढं फ्रेंचचा, फ्रान्सचा शब्द काढला की ते उठून म्हशींकडं जातात. म्हणून मी एवढंच म्हणते, आबा, क्लासला सोडा."

इरावती बाहेर गेल्या. हंबीररावांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"पावणं, आज कशाला बोलावलंय पोरीला? रविवार हाय, घरात मटण शिजतंय. आता काय राह्यलंय हितं?"

"दहा मिनिटं आत या," इरावती म्हणाल्या. "तेवढं राहिलंय."

सगळे बसले. हंबीरराव सवयीनं दाराजवळच्या खुर्चीत टेकले.

"चोरानं घड्याळ शनिवारी रात्री परत केलं," इरावतींनी सुरुवात केली. "का? कारण त्याचं काम झालं होतं. त्याच्या हिशेबानं परीक्षेचा दिवस टळला होता. म्हणजे परीक्षा शनिवारी आहे असं तो धरून चालला होता. सम्राटला रविवार झोपेतही ऐकू येतो. दत्तोपंत आठवडाभर रविवारच्या झोपेसाठी भांडताहेत. दोघेही सुटले."

"मग शनिवार कुनाच्या डोक्यात आला?" बाळासो म्हणाला.

"तुमच्या!"

बाळासो उभाच राहिला. "ताई, आईशप्पथ, मी काल हुपरीला गेलतो!"

"बसा. चूक तुमची, चोरी दुसऱ्याची. आपण कोल्हापूरची माणसं वारावर जगतो. मटणाचा वार, बाजाराचा वार, जोतिबाचा वार. कॅलेंडरात रकाना बघतो आणि मोकळे होतो. लहानपणापासून शेवटचा रकाना शनिवारचा, मग वर कोण बघतंय? तर परीक्षेचा वार ज्याला कुणी सांगितला नाही, ज्यानं तो या खुर्चीत बसून नुसता भिंतीवर पाहिला, असा माणूस कोण? ज्याच्यापुढं घरात फ्रेंचचं नाव निघत नाही तो. परीक्षेच्या दिवशी, आता काय राह्यलंय, असं विचारणारा. आणि सैल काटा दिसला की ज्याच्या हाताला चैन पडत नाही, तो."

सगळे हंबीररावांकडे बघू लागले. त्यांनी पाना खिशात घातला.

"व्हय. मी नेलं," ते मोठ्यानं म्हणाले. "हौद्यात माती नसली की कुस्ती होत न्हाय. म्हटलं, घड्याळ न्हाय तर परीक्षा न्हाय. काल हितं बसलो तवा पोरं म्हनली, आज घड्याळच नव्हतं. मला वाटलं, मोडली एकदाची." मग आवाज उतरला. "हिच्या आईबापामागं मीच वाढवली हिला. ही गेली की घरात मी आणि चार म्हशी. मला भ्या वाटलं, बाई."

संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आबा, मला एकदा सांगायचं की."

"सांगून थांबली असतीस. ते बी मला नको हुतं."

दत्तोपंतांनी काठी बाजूला ठेवली.

चारला पुण्याच्या बाई आल्या. त्यांनी लाकडी घड्याळ उभं धरलं, काटे फिरवले आणि विचारलं, "केल अर एतिल?" किती वाजले?

तासकाटा नऊच्या अलीकडे घट्ट उभा होता. लोंबला असता तर पोरगी सहात अडकली असती.

"नव्हर म्वाँ ल कार," संयोगिता म्हणाली. "नऊ वजा पाव," भैरवीबाईंनी दारात उभ्या हंबीररावांना हळूच सांगितलं.

"पावणेनऊ की," दारातून हंबीरराव पुटपुटले. "आपल्यावानीच म्हनत्यात."

ती पास झाली. बाहेर आल्यावर तिनं आजोबांचा हात धरला.

"आबा, दर रविवारी फोन करीन. नक्की."

हंबीरराव बुलेटला किक मारता मारता थांबले. परत वर्गात गेले, भैरवीबाईंना काहीतरी बोलले आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून काखेत मारून आले.

"हे माझ्याजवळ असू दे," ते म्हणाले. "आणि आधी मला सांग, कुठल्या रकान्यातला रविवार? फोनपाशी वाट मला एकच दिवस बघता यील, दोन न्हाय."