नऊ विंचवांची रांग

त्या सकाळी बोरवंड गावावर एक ढग उतरला आणि चिंचेला दोरी बांधून थांबला. खोटं वाटतं? अहो, गाठ शाल्मलीनेच मारली होती! ढगाच्या पोटात दवाखाना होता, आणि दवाखान्यात टिपूस नावाचा यंत्रमानव साबणाच्या फुग्यासारखा तरंगत होता.

त्याने शाल्मलीच्या आबांच्या बोटातून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेतला. आबा तरुणपणी जत्रेत मौत का कुआँमध्ये फटफटी फिरवायचे. कशालाच न घाबरणारा माणूस! पट्टीवर एक रेघ उमटली. ती म्हणजे पट्टी नीट चालत असल्याची खूण. मग हळूच दुसरी उमटली.

"हिपॅटायटिस सी," टिपूस म्हणाला. "यकृताला सूज आणणारा विषाणू. कधीतरी तुमच्या रक्तात शिरला होता."

"पण आबांना तर काहीच होत नाहीये!" शाल्मली म्हणाली. " आणि एवढ्याशा थेंबाला जुन्या गोष्टी कशा रे कळतात?"

"शत्रू शिरला की शरीर प्रतिपिंडे (नेमका तोच शत्रू ओळखून त्याला चिकटणारे रक्षक) तयार करतं. या पट्टीवर विषाणूचे निर्जीव तुकडे आहेत. रक्षक त्यांना चिकटले, रेघ दिसली. पण रक्षक दिसले म्हणजे चोर अजून घरात आहेच, असं नाही. त्यासाठी दुसरी तपासणी. ती खुद्द विषाणूलाच शोधते."

आबांनी चहाची बशी मागे ओढली. रोज दोघं एकाच बशीतून प्यायची. "शालू, आजपासून तुझी बशी वेगळी."

शाल्मलीचे डोळे भरून आले.

"बशीतून नाही पसरत तो," टिपूस म्हणाला. "रक्तातून रक्तात जातो. आबा, मनगटावरचा विंचू कुठला?"

"हा? विहिरीत फटफटी फिरवताना येऊन बसला, तो उतरलाच नाही!"

"आबा, आज थापा नकोत ना!"

आबांनी विंचवावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "जत्रेत गोंदवून घेतला. सुई एकच होती. सगळ्यांना तीच."

ढग पाळण्यासारखा हेलकावत राहिला. टिपूसच्या पोटात दुसरी तपासणी सुरू झाली; निळे ठिपके चमकले, विझले.

"विषाणू अजून आहे. पण बारा आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेकांच्या रक्तातून तो जातो. रेघ मात्र पुढेही उमटेल. रक्षक सहसा विसरत नाहीत."

शाल्मलीने बशी ओढली आणि फुर्रकन अर्धा चहा पिऊन उरलेला आबांपुढे सरकवला. आबांनी तो संपवला.

"टिपूस," ते म्हणाले, "माझा विंचू बघून नऊ जण मागे रांगेत उभे राहिले होते. फुगेवाली सखू, ढोलवाला परशा... त्यांनाही काही होत नसेल. म्हणून कुणी तपासलंही नसेल."

"खरंच नऊ?" शाल्मलीने डोळे बारीक केले.

"मोजून नऊ. सखूचं गाव त्या टेकडीपलीकडे."

शाल्मलीने चिंचेची गाठ सोडली, आणि ढग टेकडीकडे निघाला.