साहेब घरी नाहीत

या, शेगडीजवळ सरका. आणि रूपर्ट, तो फोन घाल खिशात, तुझी मैत्रीण तासभर जगेल तुझ्याशिवाय. घंटा वाजवायला शिकताय ना आमच्या पेडलकोंबच्या चर्चमध्ये? मग हे ऐकूनच घ्या. नंतर म्हणू नका, डॉब्सनकाका, आधी का नाही बोललात.

चर्चमध्ये डाव्या हाताला ते मोठं थडगं आहे, सर अँब्रोज फेनिकचं. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस. इथे जमीनजुमला आणि तिकडे राणीच्या दरबारात ऊठबस. वर नवराबायको हात जोडून आडवी, खाली गुडघे टेकलेली मुलं. पाच मुलगे, तीन मुली, प्रत्येकाच्या गुडघ्याखाली दगडी आसन. आसनं मात्र नऊ.

काय म्हणालीस, फ्लोरा? नववं कुणाचं? धीर धर की, पोरी. नववं धाकट्या लेकीचं. ती राणीच्या सेवेत होती आणि राणीला न विचारता तिनं लग्न केलं. राणी भडकली. आपली जागा जाईल म्हणून अँब्रोजनं भर दरबारात सांगितलं, मला तीनच मुली. पोर पोटुशी, हिवाळ्यात घरी आली. बापानं दार उघडलं नाही. चर्चच्या पडवीत मेली ती. बापानं तिची मूर्ती छिन्नीनं काढवली, नावसुद्धा कुठल्या कागदावर राहू दिलं नाही.

तेव्हापासून फेनिकांचा एक रिवाज. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होतो ना, त्याच्या आदल्या शनिवारी घरच्या कर्त्या पुरुषानं ते थडगं स्वतः पुसायचं. एकेका मुलाच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. आठ नावं. नवव्या आसनाला हात लावायचा नाही.

आता मी ज्यांच्याविषयी सांगतोय ते ह्यू साहेब, याच घराण्यातले. त्यांच्या हवेलीत मी सव्वीस वर्षं काढली. दार उघडायचं, कुत्री फिरवायची, बॉयलर बिघडला की शिव्या घालायच्या. साहेबांना दोन मुलगे आणि एक मुलगी, टॅबिथा. आम्ही टॅबी म्हणायचो. पोर गुणी, पण नशेच्या नादाला लागली, सहा महिने तुरुंगात जाऊन आली. साहेबांनी तिचं नाव टाकलं. घरंदाज लोकांची माहिती छापतात त्या जाडजूड पुस्तकात यांच्या नावापुढे छापून आलं, अपत्ये: दोन मुलगे. मी वाचलं आणि पुस्तक परत कपाटात ठेवलं.

शनिवार, तीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. दुपारी चारलाच अंधारून आलेलं, पाऊस धरलेला. राजवाड्यातून एक गृहस्थ चहाला आले होते. साहेबांना जिल्ह्यात राणीचा प्रतिनिधी करायचं घाटत होतं, त्याचीच पाहणी. मी केक कापत होतो. मागचं दार वाजलं.

टॅबी. भिजून चिंब, ओठ निळे पडलेले.

“काका, सुटले मी त्यातून. अकरा आठवडे झाले,” ती म्हणाली. “आजची रात्र फक्त. माझ्या खोलीत झोपू द्या. उद्या जाते.”

मी आत गेलो, साहेबांच्या कानाशी वाकलो. त्यांनी मान वर केली नाही. “मी घरी नाही, डॉब्सन.”

“कोण आलंय?” पाहुण्यांनी विचारलं.

“कुणी नाही,” साहेब म्हणाले आणि साखर पुढे केली.

मोठ्या घरांत हे असंच चालतं, पोरांनो. मालक दिवाणखान्यात बसलेला असतो आणि नोकर दारात येऊन सांगतो, साहेब घरी नाहीत. आलेल्यालाही कळतं. कुणी वाईट वाटून घेत नाही. मी हे वाक्य हजारदा म्हटलं असेन.

“साहेब घरी नाहीत, टॅबी.”

आतून साहेबांचं हसणं ऐकू आलं. तिनं ते ऐकलं.

“बरं, काका,” म्हणाली. “तुम्ही तरी काय करणार.”

मी काय करणार? खूप काही करता आलं असतं. मागच्या जिन्यानं तिला वर नेता आलं असतं. माझ्या खोलीत गरम चहा देता आला असता. मी दाराला आतून कडी घातली आणि केक कापायला गेलो. मला लाज वाटते त्याची. आज सांगतानाही वाटते.

पाहुणे गेले. पाचला साहेब एकटेच चर्चमध्ये गेले. बादली, फडकं, विजेरी. पुढचं त्यांनी मला त्याच रात्री सांगितलं, एकदाच.

मुलगे झाले. मुली झाल्या. मार्था, जोन, अॅग्नेस. आठ नावं घेऊन झाली. ते उठायला लागले...

विजेरी गेली.

आधार घ्यायला त्यांनी हात पुढे केला. नवव्या आसनाच्या वर. तिथे नुसती भिंत.

हाताला गाल लागला.

दगड नाही. मऊ. ओला.

...

केस चिकटलेले.

“माझं नाव?” बाईचा आवाज. अगदी जवळून.

साहेबांना काय माहीत? कुणालाच नाही.

“मला... मला ठाऊक नाही.”

...

काही नाही. नुसतं पाणी ठिबकतंय.

...

मग दुसरा आवाज. तिच्याच शेजारून.

“आणि माझं?”

तो त्यांनी ओळखला.

“टॅबी!” ते ओरडले. कोपऱ्यापर्यंत चाचपत गेले, ओरडत राहिले. कुणी नव्हतं. भिंत होती.

सहाला पोलीस आले. बस थांब्याच्या अलीकडच्या वळणावर, अंधारात, दुधाच्या टँकरनं तिला उडवलं होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी. जागच्या जागी गेली.

साहेबांनी ते पद घेतलं नाही. आता कुठे असतात कोण जाणे, हवेली बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो. तिला घालायला एखादा चांगला झगा काढावा म्हणून. मागच्या दाराची कडी मी घातली होती तशीच होती. खोलीचं कुलूपही दोन वर्षं उघडलेलं नव्हतं, किल्ली माझ्याच जुडग्यात. दार उघडलं.

अंथरूण झोपून उठल्यासारखं. पांघरूण बाजूला सारलेलं. चादर ओली.

उशी एकच होती. तिच्यावर दोन डोक्यांचे खळगे होते, शेजारी शेजारी.